रस्त्यापलीकडून वाचता येईल असं नाव

चाळीसगावात मी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. शाळा चौथीपर्यंत. जाड, उंच, अरुंद अक्षर हे माझं काम. मारवाडी शेठ लोकांत भावाभावांची वाटणी झाली की दुकान अर्धं व्हायचं आणि पाटीवरचं नाव दुप्पट लांब. ते तेवढ्यात बसवायचं, आणि रस्त्यापलीकडून वाचताही आलं पाहिजे. तिथं फुलपत्ती चालत नाही. उभी रेघ जाड ठेवायची, अक्षराच्या पोटात थोडी हवा ठेवायची, बस.

बायको दुपारी डबा घेऊन यायची आणि समोरच्या बाजूलाच थांबायची. मी शिडीवरून विचारायचो, "सगळं दिसतं का?"

"बठ्ठं दखास. पन मधलं अक्षर दबी गयं!"

शेठ हसायचे. मी चरफडत ते अक्षर पुन्हा काढायचो. ती हो म्हणेपर्यंत डबा काही रस्ता ओलांडायचा नाही.

यंदा उन्हाळ्यात ती गेली. तेराव्याला चौकात लावायला थोरल्या मुलाने फ्लेक्स छापायला टाकला. आता तशी रीतच पडलीय. वर फोटो, खाली नाव, त्याखाली शोकाकुल म्हणून सगळा गोतावळा. एखाद्याचं राहिलं तर तो पंगतीला येत नाही.

फ्लेक्सवाल्याकडे मीही गेलो. कॉम्प्युटरवर बघतो तर तिचं नाव दोन्ही बाजूंनी दाबून बसवलेलं. उभ्या रेघा काडीसारख्या, वरची रेघ मात्र होती तेवढीच जाड.

"हे काय रे? नाव आहे की पापड?"

"आबा, माझ्याकडे जाड अरुंद फाँट आहे," फ्लेक्सवाला म्हणाला. "पण तो उंच लागतो, नाहीतर शोभत नाही. खालची एक ओळ कमी करा."

त्याचं बरोबर होतं. थोरला वैतागला. "कोणाला काढू? काकांना? मामांना? उद्या भांडण कोण निस्तरणार?"

खालची पहिली आख्खी ओळ माझी होती. म्हटलं, "मला काढ."

"नवऱ्याचंच नाव नाही?" थोरला म्हणाला. "लोक काय म्हणतील, नाना?"

"तिच्या नावात मधे मीच बसलोय ना? खाली परत कशाला? कोणाची बायको गेली ते गावाला माहीत आहे. मला रडायला फ्लेक्स लागत नाही."

ओळ गेली, नाव उंच झालं.

तेराव्याच्या दिवशी चौकात गेलो आणि ती थांबायची तसा समोरच्या बाजूला उभा राहिलो. चष्मा काढून खिशात ठेवला. नाव दिसत होतं, अगदी काळंभोर. मधलं एक अक्षर जरा दाटलेलं होतं. तिने ते सोडलं नसतं.

पण ते पुन्हा काढायला तिथं शिडी नव्हती, ब्रश नव्हता, आणि पलीकडून ओरडणारंही कोणी नव्हतं. मग मीच हो म्हटलं आणि पंगतीला जाऊन बसलो.