अकरावा पाय

चौदा पायांचा, चिंचोक्याएवढा तो आयसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिप. शिरा पडो त्याच्यावर! बारा व्होल्टची बॅटरी जोडली की दुसऱ्या बाजूने सहा व्होल्ट द्यायचे, एवढंच त्याचं काम. मीटर लावला, शून्य. पुन्हा लावला, पुन्हा शून्य. शिरगावच्या खाणीवर मी वायरमन, घराएवढ्या यंत्रांच्या मोटारी चालू करून देतो, आणि पेडण्याला घरी येऊन या किड्यापुढे हात टेकायचे? जीव नुसता वैतागला होता.

घाई होती ती वडिलांसाठी. वाड्याच्या, म्हणजे आमच्या वस्तीच्या, राखणदाराला, शेताच्या कडेच्या देवाला, वर्षातून एकदा गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. वडिलांनी खड्या आवाजात एकेक मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. पण घशाच्या ऑपरेशननंतर आवाजाची नुसती फुसफुस उरली. गेल्या वर्षी लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. यंदाही ऐकू आलं नाही तर मान चुलत्यांकडे जाणार, असं वाड्याने ठरवलं. तेव्हापासून वडील जेवणावरून अर्धे उठत.

म्हणून मी एक माइक आणि कर्णा जमवला. राखणदाराकडे वीज नाही. सेल घातले तर कर्णा ते घटकाभरात खाऊन टाकी. शेवटी भावोजींच्या खनिजाच्या ट्रकची बॅटरी आणली. ती थेट जोडली असती तर सगळंच जळलं असतं, म्हणून मध्ये हा साखळी गावच्या बाजारातून आणलेला आयसी.

गाऱ्हाणं दुसऱ्या दिवसावर आलेलं, आणि घरात सल्लागारांना ऊत.

"अहो, देवाक एकदा कौल लावून बघा," बायको म्हणाली.

"देवाक आयसी कळता?" मी खेकसलो.

शेजारचे काका चष्मा सावरत वाकले. "चौदा पाय? इतके कित्याक रे? दोन-चार कापून टाक."

वडील दर थोड्या वेळाने दारात येत आणि पंजा उलटा करून विचारत, झालं? "नाही झालं! झालं की सांगतो म्हटलं ना!" ते मुकाट्याने आत जात आणि पुन्हा येत. मला वाटलं, सगळं उचलून विहिरीत टाकावं.

संध्याकाळचा पाव देऊन पोदेर गेला, तेव्हा मी चहासुद्धा न घेता आयसीबरोबरचा कागद पुन्हा उघडला. तीन पाय आतून कशालाच जोडलेले नाहीत, ते रिकामे ठेवा, असं त्यात होतं. ते मी ठेवलेच होते. पण त्यांच्याबरोबर अकरावाही मी रिकामाच ठेवला होता. बाराव्याला बॅटरी, अकराव्यालाही बॅटरी, असं चित्रात होतं. मी म्हटलं, एकाच घरातले दोघे, दोघांना वेगळं कशाला? आमच्या राखणदाराला दर घराचा एकच नारळ, मग त्या घरात चुली चार असोत. तोच हिशेब मी आयसीला लावला! बारावा पाय त्याला स्वतःला जागं ठेवायचा, आणि बाहेर द्यायची वीज यायची अकराव्यातून. म्हणजे आचाऱ्याला मी पोटभर जेवू घातलं, पण पंगतीसाठी तांदूळ दिलेच नाहीत. वाढणार काय, कपाळ?

इंचभर तार जोडली आणि मीटरवर सहा आले. मी वडिलांना हाक मारली, तीही ओरडूनच.

दुसऱ्या दिवशी माइक गळ्यात अडकवून वडील राखणदारापुढे उभे राहिले. कर्णा खरखरला, आणि त्यांची फुसफुस पार बांधापर्यंत गेली.

"गुराढोरांक, पोराबाळांक सुखात ठेव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मागण्या संपल्या असं वाटून मी बॅटरीकडे वळलो, तोच कर्णा पुन्हा बोलला. "आणि ह्या माझ्या झिलान माझो आवाज तुझ्या कानार घातलो. तेका सुखात ठेव. आणि तेचो राग तेवढो थंड कर रे म्हाराजा!"

अख्खा वाडा हसत ओरडला. माझे डोळे भरून आले, काही दिसेना. पण सगळ्यांत मोठ्याने 'होय म्हाराजा' मीच म्हटलं.