कॉलरमागची चिठ्ठी

घडीमास्तर एकतीस वर्षं एकाच लाँड्रीत इस्त्री करतात. उजव्या हाताच्या तीन बोटांना आता गरम-गार कळत नाही. म्हणून चहाचा कप डाव्या हातात. बायको म्हणते, "नुसत्या बोटांपुरतं राहिलेलं नाही हे."

लाँड्रीचे दोन नियम त्यांच्या अंगात मुरले आहेत. वर्षभर कुणी न्यायला आलं नाही, तर तो कपडा कामगाराचा. हे कुठं लिहिलेलं नाही. आणि कपड्याच्या कॉलरमागं टाचणीनं लावलेली नंबराची कापडी चिठ्ठी इस्त्रीवाल्यानं काढायची नाही. ती मालकीणबाई काढणार, गल्ल्यापाशी, गिऱ्हाईकाच्या देखत.

मुलगा पंचवीस वर्षांचा, ताडमाड उंच. घरात त्याला उंटच म्हणतात. यांच्या लोकांची कातडी काळी, केस दाट कुरळे; आजोबांपासून या शहरात राहूनही चौकातल्या पोलिसाला ते कालच उतरल्यासारखे वाटतात. उंट टोपीचं राखाडी जाकीट घालायचा. त्या जाकिटात त्याला एका हिवाळ्यात अकरा वेळा अडवलं. हात भिंतीला, खिसे उलटे. समोरच्या इमारतीतला गोरा पोरगा तसलंच जाकीट घालतो. त्याला पोलिस विचारतो, थंडी फार आहे का रे?

घरी येऊन उंट फक्त आकडा सांगायचा.

"आठ."

"बरं," आई म्हणायची. "हात धू."

मग रेल्वेच्या सिग्नलखात्यातून प्रशिक्षणाच्या मुलाखतीचं पत्र आलं. मंगळवार, सकाळी साडेदहा. वयाची अट पंचवीस. पुढच्या वर्षी तो सव्वीसचा होणार होता.

मास्तरांनी लाँड्रीतून काळा लांब कोट आणला. लोकरीचा, चौदा महिने खुंटीवर पडून असलेला. उंटाच्या अंगावर तो बेतून शिवल्यासारखा बसला.

"बाबा, हा मी नाहीच," आरशात बघत उंट म्हणाला.

"तेच तर हवंय."

"न्यायाधीश दिसतोय," आई म्हणाली. "फक्त मान तेवढी उंटाची."

सोमवारी तो कोट घालून मुद्दाम चौकातून फिरून आला. पोलिसानं बाजूला होऊन वाट दिली. पेपरवाला 'साहेब' म्हणाला.

"शून्य," उंटानं घरात येऊन सांगितलं. कुणी हसलं नाही, पण आईनं त्या दिवशी 'हात धू' म्हटलं नाही.

मंगळवारी पहाटे मास्तरांनी कोटाला वाफ दिली. बाह्या सरळ केल्या, कॉलर उलटली, चिठ्ठीच्या कडेकडेनं इस्त्री फिरवली. रोज फिरवतात तशी.

बसमध्ये गर्दी होती. उकडलं म्हणून उंटानं कोट काढून हातावर घेतला, आणि तसाच सिग्नलखात्याच्या दारापाशी उतरला. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"ए, कोट कुणाचा?" दारावरच्या पोलिसानं विचारलं.

"माझा."

"मग हा नंबर काय तुझ्या बापाचा?"

चिठ्ठीवर लाँड्रीचं नाव होतं. पोलिसानं फोन लावला. मालकीणबाईंनी खरं तेच सांगितलं: नंबर आमचाच, कपडा गिऱ्हाईकाला दिलेला नाही. मास्तर त्यांच्यापासून दहा पावलांवर, आत इस्त्रीपाशी होते. वाफेच्या आवाजात त्यांना काही ऐकू आलं नाही.

बऱ्याच वेळानं मालकीणबाई आत डोकावल्या. "मास्तर, आपला एक काळा कोट चोरीला गेला होता वाटतं. चोर सापडला म्हणे."

मास्तरांनी इस्त्री उभी केली. "कसा आहे?"

"कोट?"

"चोर."

"तुमच्यातलाच कुणीतरी पोरगा. उंच आहे म्हणाले."

"माझाच आहे," मास्तर म्हणाले. "आणि कोटही त्याचाच."

मालकीणबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी लगेच उलट फोन केला, "अहो, आम्हीच दिलाय तो कोट, सोडा त्याला," असं चारदा सांगितलं. पोलिसांना त्यांचं लेखी हवं होतं. लेखी पोचेपर्यंत सव्वाबारा झाले. मुलाखतीच्या खोलीबाहेरचा कारकून म्हणाला, यादी बंद झाली. वाईट वागला नाही तो. पाणी हवं का, विचारलं.

संध्याकाळी उंट आला आणि त्यानं कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"बारा," म्हणाला.

तो आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

मास्तर खुर्चीपाशी बसले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी चिठ्ठी ओढली. टाचणी घट्ट होती. उजव्या हातानं जोर लावला, चिठ्ठी निघाली. कॉलरवर लाल ठिपका दिसला, तेव्हा त्यांना कळलं की टाचणी बोटात गेली आहे.

रक्ताचा डाग लगेच गार पाण्यात धरला तरच निघतो. हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? ते उठले नाहीत.