एकाच डोंगरातल्या दोन वाईन

आयुष्यात मी दोनच वाईन चाखल्या. दोन्ही पांढऱ्या होत्या आणि दोन्ही एकाच डोंगरातून आलेल्या. ज्यांना त्यातलं कळतं ती माणसं त्याबद्दल फार पाल्हाळ लावतात, असं माझं मत आहे. मला जे सांगायचं ते थोडक्यात सांगता येण्यासारखं आहे, पण इतकी वर्षं मी ते आईसोडून कुणालाच सांगितलेलं नाही.

भिवंडीत मी बारा वर्षं लूम, म्हणजे कापडाचा यंत्रमाग, चालवला. ऐंशीच्या दशकाच्या आगेमागेची ती सगळी वर्षं आता आठवली की मला आवाजच आठवतो, माणसं नंतर आठवतात. तिशी ओलांडली तसा खोकला सुरू झाला. पहिल्यांदा मी तो विडीवर ढकलला, पण विडी मी ओढत नव्हतो, त्यामुळे ते फार दिवस चाललं नाही. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून सांगितलं, सुताच्या धुळीने छाती धरलीय, लूम सोडा, नाहीतर म्हातारपणाची वाट बघू नका. आई शेजारीच बसली होती. तो फोटो तिने घरी आणून कपाटात साड्यांखाली ठेवला.

मग नव्वदीच्या सुरुवातीला राहनाळला एका शेठच्या गोडाऊनवर कीपरची नोकरी मिळाली. पांढरा शर्ट घालून जायचं आणि पांढराच घेऊन परत यायचं. तीन महिन्यांत खोकला बसला. आईने शेजारणींना सांगताना "माझा पोरगा हाफिसात हाय" असं सांगायला सुरुवात केली. टेबल, खुर्ची आणि बंद पडलेला पंखा याला ती हाफिस म्हणत होती, आणि मीही तिला कधी टोकलं नाही.

आईबद्दल आणखी एक सांगायला हवं. माझे वडील दारूने गेले. मी तेव्हा शाळेत होतो. पुढे मी लूमवर पहिली पाळी करून घरी आलो, त्या संध्याकाळी आईने मला अंघोळ घातल्यासारखं घासूनपुसून विहारात नेलं. पंचशील आम्ही लहानपणापासून म्हणत होतो. पण त्या दिवशी तिने मला पाचवं शील तिच्यासमोर वेगळं म्हणायला लावलं, दारूला शिवणार नाही म्हणून. पहिली चार मी पाळीन याची तिला खात्री असावी, किंवा तिला त्यांची तेवढी भीती नसावी. मी शब्द दिला आणि पाळलाही. लूमवाल्यांत राहून तो पाळणं सोपं नव्हतं. शिफ्ट सुटली की सगळे एकाच दिशेला जायचे, मी दुसऱ्या.

तर एका मे महिन्यात आमच्या गोडाऊनला चाळीस खोकी वाईन आली. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांना जायचा माल, जागा मिळेपर्यंत आमच्याकडे ठेवलेला. खोक्यांवर बर्फाच्या डोंगराचं चित्र होतं. माल ज्यांचा होता ते मुंबईचे साहेब स्वतः आले होते. युरोपातल्या आल्प्स डोंगराचा सावोय नावाचा भाग आहे, तिथला हा माल, वीस खोकी एक प्रकार, वीस खोकी दुसरा, असं त्यांनी समजावलं. जाताना पत्र्याकडे बघून म्हणाले, "थंड ठेवा बरं का. उन्हाने ही मरते."

आता राहनाळच्या पत्र्याखाली मे महिन्यात काय थंड राहणार? पण मी लूमवरचा माणूस. उन्हाळ्यात सूत कोरडं पडलं की पटापट तुटतं, म्हणून कारखान्यात आम्ही जमिनीवर पाणी मारायचो, ओली गोणपाटं टाकायचो. ओल असली की सगळं नीट राहतं, हे माझ्या अंगात बारा वर्षं मुरलेलं. मी गोणपाटं भिजवून सगळ्या खोक्यांवर घातली. दिवसातून तीनदा पाणी मारायचो. रविवारीसुद्धा घरून सायकलने जाऊन मारून यायचो. इतकी सेवा मी कुणाची केली नसेल.

बाटल्या थंड राहिल्या, हे खरं आहे. खोक्यांचा मात्र लगदा झाला. अठराव्या दिवशी मी जेवायला गेलो असताना एक थर खचला. हमालांनी आपल्या डोक्याने सगळ्या बाटल्या बाहेर काढून साबणाच्या रिकाम्या खोक्यांत भरल्या, हाताला येतील तशा. मी आलो तेव्हा जमिनीवर कागदाचा ओला ढीग पडला होता. ती बाटल्यांवरची लेबलं होती. एकीवरही शिल्लक राहिलं नव्हतं. बाटल्या सगळ्या एकाच घडणीच्या, हिरव्या काचेच्या, बुचांवर सारखंच वेष्टण.

शेठ आले, बघितलं, आणि आरडाओरडा केला नाही. त्यानेच मला जास्त भीती वाटली. "मंगळवारी साहेबांची गाडी येणार. तोपर्यंत दोन्ही माल अलग झाला तर तू हायेस. नाही झाला तर भाई, लूम तर आहेच."

शेठनी साहेबांना फोन लावला. साहेब आधी बरंच बोलले, ते शेठनी ऐकून घेतलं. मग रिसीव्हर माझ्या हातात दिला. साहेबांचा आवाज दमलेला होता. ते म्हणाले, दोन्ही पांढऱ्याच म्हणतात, पण दोघींचा स्वभाव वेगळा. एक सावलीच्या बाजूला, कोसळलेल्या दरडीच्या दगडांत वाढलेल्या द्राक्षांची. फिकट, पातळ, आंबटसर, तोंड धुतल्यासारखं वाटतं. दुसरी उन्हाच्या उतारावरची. सोनेरी, जड, मधाचा आणि जर्दाळूचा वास. "सहापेक्षा जास्त बाटल्या फोडू नका," म्हणाले, "आणि जो चाखेल त्याने घोट तोंडात फिरवून मग ठरवावं."

चाखणार कोण? शेठ दारूला शिवत नसत. त्यांनी हमालांतल्या दोघांना बोलावलं. ते आनंदाने आले. बुचात लाकडात मारायचा स्क्रू पिळून, पकडीने ओढून मी दोन बाटल्या उघडल्या, रंगावरून वेगळ्या वाटल्या त्या. पहिल्याने स्टीलचा पेला एका दमात खाली केला, दुसराही केला, आणि म्हणाला, "दोनों पानी है, सेठ." दुसऱ्याचंही तेच मत पडलं. रोज गावठी पिणाऱ्या जिभेला त्यात काही सापडेना. दोन्ही बाटल्या अशाच अर्ध्याच्या खाली गेल्या.

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मी पीत नाही." ते म्हणाले, "म्हणूनच."

मी बाहेर जाऊन हौदावर तोंड धुतलं. आईला दिलेला शब्द आठवला, आणि तो छातीचा फोटोही आठवला. शब्द तिलाच दिला होता आणि छातीही तिच्यासाठीच जपत होतो, त्यामुळे कुठल्या बाजूने गेलो तरी तिच्याशीच गाठ होती. मी ठरवलं, की तीन घोट घ्यायचे. एक या बाटलीतला, एक त्या, आणि एक खात्रीचा.

पहिली वाईन माझ्या कल्पनेपेक्षा सरळ निघाली. कच्चं करवंद चावल्यावर दाताला जे होतं ते झालं, मागे थोडी दगडाची चव, माठातल्या पाण्याला असते तशी. घोट गेला आणि तोंडात काही राहिलं नाही. हिच्यासाठी लोक घरं बुडवतात? मला हायसं वाटलं.

दुसरी तोंडात घेतली आणि मी खाली बसलो. ती जिभेवर पसरली, पण घाई न करता. मध होता, पण गोड नव्हता. ईदला शेजारच्या घरून शीरखुर्म्याचा वाडगा यायचा त्यातल्या जर्दाळूचा वास होता. घोट गेल्यावरही ती गेली नव्हती. मी डोळे उघडले तेव्हा शेठ विचारत होते, "कळला का फरक?" मी मान हलवली. खात्रीचा तिसरा घोट कुठल्या बाटलीतून घेतला ते सांगायची गरज नाही.

पुढचं काम डोळ्यांचं होतं. लूम सोडायच्या आधी वर्षभर मी ग्रे, म्हणजे लूमवरून उतरलेल्या कोऱ्या कापडाचे तागे तपासत होतो. उजेडावर कापड धरून एका धाग्याचा फरक पकडायचा. दोन्ही उघड्या बाटल्या शटरच्या उजेडात ठेवल्या आणि बघत बसलो, तेव्हा हिरव्या काचेतूनही त्यांचा उजेड वेगळा दिसायला लागला. एकीतून येणारा पाण्यासारखा, दुसरीतून सरसोंच्या तेलासारखा. मग एकेक बाटली धरत गेलो. दोन दिवस लागले. अडलेल्या चार बाटल्या उघडल्या, पण त्या चाखल्या नाहीत. नुसत्या वासावर ओळखल्या. शेवटी दोन राशी झाल्या आणि दोन्हींचा आकडा बरोबर आला.

हमाल गेले. शेठ गाडीत बसायला बाहेर गेले. टेबलावर ती सोनेरी बाटली होती, तळाशी थोडी उरलेली. काम संपलं होतं. बाटलीकडे बघायचंही आता कारण नव्हतं. मी पेला घेतला, ओतली, आणि प्यायलो. हळू प्यायलो. पहिले तीन घोट ड्युटीचे होते, चौथा माझा होता.

मंगळवारी साहेब आले. त्यांनी दोन्ही राशींतली एकेक बाटली उघडली, नाक घातलं, माझ्याकडे बघून हसले. शेठना म्हणाले, या माणसाला जीभ आहे. शेठ खूश झाले. यापुढे साहेबांच्या मालाची गाडी आली की प्रत्येक प्रकारातली एक बाटली उघडून मी रिपोर्ट द्यायचा, असं तिथल्या तिथे ठरलं. मी म्हणालो, शेठ, मला दुसऱ्या गोडाऊनला टाका, प्लास्टिकच्या, कागदाच्या, कुठेही. ते म्हणाले, "तिकडे माणूस आहे. मला तू इथेच पाहिजेस, आणि याच कामाला." ते प्रेमाने बोलत होते, हे मला कळत होतं.

त्या रात्री घरी आईने ताट वाढलं. "भागलं का समदं?"

"भागलं."

मग मी सांगितलं. आधी घोट सांगितले, तीन. तिचा हात भाकरीवर थांबला, पण ती चिडली नाही. "कामापायी घेतले ना," ती म्हणाली, "त्याचं काय न्हाय. पोटासाठी मानूस काय काय करतो."

मला तिथे थांबता आलं असतं. ती सुटका तिने आपल्या हाताने दिली होती. मी म्हणालो, "चौथा पण घेतला."

"तो कशाला?"

"आवडली म्हणून."

बाहेर शेजारची मुलं भांडत होती, ती ऐकत बसली. मग म्हणाली, "तुझा बापूस असं कधी बोलला न्हाय. विचारलं की म्हणायचा, अंग दुखतंय. म्हणायचा, दोस्तांनी पाजली. मी येडी, अंग चेपत बसायची. आवडते असं एकदा जरी बोलला असता, तर मला कळलं असतं मी कशाशी झगडते."

मी शेठचं ठरलेलं सांगितलं. "दर महिन्याला?" तिने विचारलं.

"दर गाडीला."

तिने माझं ताट उचललं, मोरीत नेऊन घासलं, पुसलं आणि फळीवर ठेवलं. माझ्याकडे पाठ करूनच तिने विचारलं, "उद्या डबा किती वाजताचा करू?"

गोडाऊनची ड्युटी दहाची होती. लूमची पाळी सातची. डॉक्टरांचे शब्द तिने माझ्याइतकेच ऐकले होते, आणि तरी तिने विचारलं. उत्तर तिने माझ्यावर सोडलं.

"सातचा," मी म्हणालो.

सकाळी मी उठलो तेव्हा डबा भरून तयार होता. ती दारापर्यंत आली. तिच्या जुन्या पातळाचा एक तुकडा तिने धुऊन, चुलीवर वाळवून, चौकोनी घडी करून ठेवला होता. तो माझ्या हातात देऊन म्हणाली, "नाकातोंडाला बांध. आणि मधेमधे भिजवत जा."