भुऱ्याचा शोक

पहिले म्हणणारी मीच होती. दुसऱ्या कोणाच्या माथी कायले मारू?

आमच्या शेजारचे देवाजीभाऊ. त्यांची बायको रुखमा मागच्या दिवाळीले काविळीनं गेली. भुऱ्या तिच्या जिवाचा कुत्रा. ती धानाच्या बांधीत, शेतावर, निघाली का हा मागं, परतली का हा पुढं. ती गेली अन् आठच दिवसांत गावात दवंडी झाली, बिबट फिरून राह्यला, कुत्रे बांधून ठेवा. देवाजीभाऊनं भुऱ्याले पडवीत बांधलं अन् मग सोडलंच नाई. रुखमाची तेवढीच खूण उरली होती, ती कशी बिबट्याच्या तोंडी देतील?

होळीपर्यंत भुऱ्याचं उठणं कमी झालं. उभा राह्यला का थरथरे, कण्हे, बसून जाय. मी अंगणातूनच म्हटलं, "पाहा बाई, मुकं जनावर, पण धनिणीचा शोक करून राह्यलं!" माझ्या जिभेले हाड नाई. साऱ्या गावानं तेच धरलं. देवाजीभाऊ तर त्याच्याजवळ बसून रडत. आपल्यासंगं कोणीतरी रडून राह्यलं, एवढाच त्यांले आधार होता.

उन्हाळ्यात भुऱ्यानं भात सोडला. "हाही जाते का, शकुबाई?" देवाजीभाऊनं मले विचारलं. ढोरांले लस टोचायले साधना डॉक्टरीण गावात आली होती. मी तिले हाताले धरून आणलं.

तिनं पंजा उचलला. वास आला. अंगठ्याचं नख गोल वळून मांसात घुसलं होतं, पू झाला होता. बाकीची नखंही लांबून वाकडी झालेली.

"भाऊ, शोक नाही हा, नखं आहेत. फिरणाऱ्या कुत्र्याची नखं दगडमातीवर झिजतात. बांधलेल्याची वाढतच जातात. अन् अंगठ्याचं तर जमिनीला टेकतच नाही, ते आपणच कापायचं." तिनं ते कापलं, जखम धुतली. बाकीच्या नखांची नुसती टोकं काढली. "आत रक्ताची नस असते. दर आठवड्याला थोडं थोडं कापा."

देवाजीभाऊनं पंजा हातात घेतला. "भुऱ्या, मले वाटलं तू तिच्यासाठी रडून राह्यला. तू तर मले सांगून राह्यला होता रे!"

मले तिथं उभं राहावलं नाई.

आता दर सोमवारी ते नखं पाहतात. अन् रोज दिवसाउजेडी, बिबट्याचं भेव नसते तवा, दोरी धरून त्याले रुखमाच्या बांधीपर्यंत नेतात. ती गेल्यापासून स्वतः तिकडे फिरकले नव्हते. भुऱ्या अजून लंगडते. देवाजीभाऊ त्याच्याच चालीनं चालतात.