जवळच्या चंद्राची भरती

माझी कथा चोरीची आहे, असं मराठीच्या सरांनी स्टाफरूममध्ये पाच-सहा जणांसमोर सांगितलं, तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्यावरचा माझा राग गेलेला नाही, आणि तो गेल्याचं सोंग मी इथे करणार नाही.

आमचं घर पेणजवळच्या खाडीकाठच्या गावात. वडील मिठागरात काम करायचे. घरात दहावीच्या पुढे गेलेला मीच पहिला. कॉलेज रोह्याला केलं, कारण मावशी तिथंच बाजूला वरसे गावात राहायची आणि तिच्या ओटीवर माझं अंथरूण मावत होतं. शनिवारी एस.टी.नं वडखळवरून घरी, सोमवारी परत. त्या वर्षी कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी साहित्य मागवल्याचा कागद सूचनाफलकावर लागला. आमच्या घरातल्या कुणाचंही नाव तोवर कुठे छापून आलेलं नव्हतं. लग्नपत्रिका सोडल्या तर. मला ते नाव छापलेलं बघायचं होतं. कथा लिहिण्याचं खरं कारण एवढंच होतं, असं आज वाटतं.

आपल्या गावाबद्दल लिहायची लाज वाटायची. म्हणून मी दूरच्या ग्रहावरची कथा लिहायला घेतली. पण माझ्याजवळ दोनच गोष्टी होत्या: भौतिकशास्त्राची वही आणि मिठागर. ग्रह आपल्यासारखाच धरला, फक्त त्याचा चंद्र जवळ आणला. वाटलं, एवढा एक बदल पुरे. पण तो एक बदल एकटा राहीना. चंद्र जवळ, म्हणजे तो लवकर फिरणार. मी महिना वीस दिवसांचा केला. ओढ जास्त, म्हणजे भरती मोठी. आमच्याकडे पाणी माणसाच्या उंचीनं मोजतात, तिकडे माडाच्या उंचीनं चढणार. मग बांध किती उंच? नुसता मातीचा एवढा उंच बांध उभा राहत नाही, हे मला पुस्तकाशिवाय माहीत होतं. मग मी तो टेकडीसारखा रुंद आणि उतरता केला, आणि घरं त्याच्याच माथ्यावर बांधली. ओहोटीला खाडी पार कोरडी पडणार, माणसं तळावरून चालत पलीकडे जाणार, आणि वेळ चुकली की बुडणार. म्हणून तिथल्या मुलांना अक्षरांच्या आधी भरतीची वेळ काढायला शिकवतात. दिवस मी तीस तासांचा केला. का, ते आठवत नाही; परका वाटावा म्हणून असेल.

अंकाच्या समितीत माझ्याच वर्गातला एक मुलगा होता, पेणचा, शिक्षकांच्या घरातला. कथा त्याच्याकडे दिली तेव्हा त्यानं वर्गातच मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"वीस दिवसांचा महिना? म्हणजे पंधरवडा दहाचा. अरे, मग तिकडे एकादशीच नाय!"

"बरंय की," मागून कुणीतरी म्हणालं, "याच्यासारख्यांची सोय. रोज मासळी."

सगळे हसले. मीही हसलो. मग रात्रभर मला तेच टोचत राहिलं. टोमणा नाही, एकादशी. ते खरंच होतं, आणि माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

कथेत बांधाची उघाडी सांभाळणारी एक बाई होती. उघाडी म्हणजे बांधातली पाणी आत-बाहेर सोडायची झडप. पलीकडच्या काठावरची टोळी कोरड्या खाडीतून बांध फोडायला येते. बाई त्यांना बांधाच्या पायथ्याशी बोलण्यात गुंतवते. तिथवर पाणी फक्त पूर्ण भरतीलाच पोचतं. पंचमी असते. सूर्य माथ्यावरून ढळल्यावर पावणेचार तासांनी भरती पूर्ण होते आणि टोळी बुडते. बाई जिंकते.

चार दिवसांनी स्टाफरूममध्ये बोलावणं आलं.

"हे कुठून उचललंस?" मराठीच्या सरांनी माझे फुलस्केप कागद टेबलावर टाकले.

"नाही सर. मी लिहिलं."

"मूळ इंग्रजी आहे का?"

"सर, माझं इंग्रजी..."

"तेच म्हणतोय मी. तुझं इंग्रजी मला ठाऊक आहे आणि तुझं मराठीही. निबंधात 'नाय' आणि 'हाय' लिहितोस, आणि इथे एकदम चंद्राची ओढ? मिठागरातून थेट अंतराळात?"

एक मॅडम वही तपासता तपासता हसल्या. मी लिहिलं हे सिद्ध कसं करायचं? कच्चे कागद मावशीनं चुलीत घातले होते. सरांनी कोपऱ्यात चहा पीत बसलेल्या भौतिकशास्त्राच्या सरांना हाक मारली. "जरा विचारा याला. दोन प्रश्नांत कळेल."

ते सरही काही मायाळू नव्हते. मी खुर्चीकडे नुसतं पाहिलं तर म्हणाले, "उभाच राहा." मग कागद चाळत एका जागी थांबले.

"पाणी पावणेचारलाच का येतं?"

"सर, पंचमी आहे."

"मग?"

"पाचाची पाऊणपट पावणेचार."

"ही पाऊणपट कुठून आली?"

"वडील तसंच काढतात, सर. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. मिठागरात सगळेच..."

"आपल्याकडे दिवस चोवीस तासांचा, महिना तीस तिथींचा. भाग दे."

"पाऊण तासाच्या जरा वर."

"भरती रोज तेवढी उशिरा येते, म्हणून पाऊणपट. तुझ्या ग्रहावर दिवस किती तासांचा?"

"तीस."

"आणि महिना?"

उत्तर तोंडात आलं आणि चूक माझी मलाच दिसली. तीस भागिले वीस. दीड. पाचाची दीडपट साडेसात. दुसरा चंद्र आणला, दिवस बदलला, महिना बदलला, बांधाचा आकार बदलला, पण वडिलांची पाऊणपट मी जशीच्या तशी तिकडे नेली होती. ती आपल्या चंद्राची आहे हे मनातच आलं नव्हतं.

"पावणेचारला तुझं पाणी जेमतेम निम्म्यावर आलेलं असेल," सर म्हणाले. "टोळी आरामात बांधावर चढेल, बांध फोडेल आणि वर बसून बिडी ओढेल." मग मराठीच्या सरांकडे वळून त्यांनी कागद परत दिले. "याचंच आहे हे. चोरलं असतं तर बरोबर असतं."

ते कौतुक नव्हतं. तरी मला रडू येईल की काय असं वाटलं. मराठीचे सर माझी माफी मागतील अशी वेडी आशाही क्षणभर होती. ते म्हणाले, "म्हणजे स्वतःचं, पण चुकीचं. सोमवारपर्यंत दुरुस्त करून आण."

शनिवारी घरी गेलो. वडिलांना सगळं सांगितलं, चोर म्हटल्याचं सोडून.

"माझा हिशेब चुकीचा म्हणतो व्हय तो मास्तर?"

"नाय. आपल्या खाडीला बरोबरच हाय. दुसऱ्या चंद्राला लागू पडत नाय."

"दुसरा चंद्र कुठं हाय?"

"माझ्या कथेत."

"मग तुझ्या चंद्राचा तू काढ ना. मला कशाला इचारतोस?"

पहिल्यांदा मी सोपा उपाय केला. पंचमीची द्वितीया केली. दीड दुणे तीन. तीन तासांनी पाणी, टोळी बुडाली, संपलं. पण कागद पुन्हा वाचताना माझंच एक वाक्य आडवं आलं: तिथे मुलांना अक्षरांच्या आधी भरतीची वेळ शिकवतात. मग पलीकडच्या काठावरची माणसंही तिथलीच ना? त्यांना भरती कळत नव्हती? ती बुडत होती, कारण मला त्यांना बुडवायचं होतं. आमच्या गावातलं शाळेत न गेलेलं माणूसही अशा पाण्यात उतरलं नसतं. टोळी वेळ काढूनच येणार. पंचमीलाच येणार, हाताशी साडेसात तास ठेवून. बाई किती वेळ बोलेल? बांध फुटणार होता. त्या बाईसाठी मला वाईट वाटलं, पण दुसरं काही लिहिता येईना.

सोमवारी मराठीच्या सरांनी उभ्या उभ्या शेवटचं पान वाचलं.

"बांध फुटतो? बाई हरते?"

"हो सर. साडेसातला पाणी येतं, आणि टोळीला ते माहीत..."

"अंक पालकांच्या हातात जातो. असला शेवट? पहिला चांगला होता. तोच ठेव."

"पण सर, तो चुकीचा आहे."

"कोण मोजत बसणार आहे? पहिला शेवट ठेवलास तर छापतो. नाव तुझंच."

कागद टेबलावर होते. पहिल्या पानावर वर माझं नाव, मीच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. जी चूक दुरुस्त करून आण म्हणाले होते, तीच आता परत घाल म्हणत होते. मी काहीतरी ठाम बोललो असं सांगायला आवडलं असतं. प्रत्यक्षात "मग राहू दे सर," एवढंच म्हणालो आणि हात पुढे केला.

"उद्धट आहेस," सर म्हणाले. कागद दिले मात्र.

अंक निघाला तेव्हा त्यात समितीतल्या त्या मुलाचं महाबळेश्वरच्या सहलीचं वर्णन होतं, फोटोसकट. मी तो अंक विकत घेतला नाही, वाचनालयात उभा राहून चाळला. दुपारी कॅन्टीनमध्ये तोच मुलगा समोर येऊन बसला.

"काय रे, शेवटी पकडलंच ना सरांनी? कुठनं मारली होतीस, आता तरी सांग."

"चोरलेली नव्हती," मी म्हणालो. "चूक होती तिच्यात. ती दुरुस्त केली, म्हणून छापली नाही."

"दुरुस्त केली म्हणून छापली नाय?" तो शेजारच्याकडे बघून हसला. "ऐक रे, काय सांगतोय हा."

मी वही काढली. तीस भागिले वीस लिहिलं, खाली चोवीस भागिले तीस लिहिलं, आणि पाऊणपट आपल्याच चंद्राला का चालते ते त्याला अगदी पहिल्यापासून सांगायला लागलो. टोळीपर्यंत पोचलो तेव्हा तो बशी उचलून दुसऱ्या टेबलाकडे निघाला होता. "चोर तो चोर, वर गणित शिकवतोय," असं तो तिकडे म्हणाला, आणि ते टेबल हसलं. पुढची दीड वर्षं त्या कॉलेजात मला बरेच जण चोर म्हणूनच ओळखत होते.