मधल्यानं पदरचं घालू नये

दिनकरराव गेल्याची बातमी मला लासुर्ण्याच्या स्टँडवर कळली. चहाचा पहिला घोट घेतला, तोच आमच्या कऱ्हाटीचा भाऊसाहेब एसटीतून उतरला आणि म्हणाला, "तात्या, दिनकरराव सकाळी गेलं." मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं? काय शब्दांत सांगितलं?" त्याला काय ठाऊक, ही सवय दिनकरचीच... बातमी आली की आधी ती कुणाकडनं आली ते विचारायचं.

त्याला आता महिना झाला. शोकसभेत चौघं बोलले. चौघांनीही एकच सांगितलं, की कारखान्याच्या वायरलेसची वही दिनकररावांनी एकट्यानं बसून लिहिली. ऐकून माझं पोट दुखलं. खोटं कशाला बोलू? त्याच्या बाबतीत ते लहानपणापासूनच दुखतंय. कऱ्हाटीच्या शाळेत आम्ही एका बसकरावर बसलो. दुसरीनंतर मी शेरडांमागं गेलो, तो मॅट्रिक झाला. पुढं एकाच कारखान्यात लागलो, तर तो ऑफिसात खुर्चीवर आणि मी लासुर्ण्याच्या गट ऑफिसात वॉचमन.

कारखान्यानं ऊसतोडीच्या कामाला वायरलेसचे सेट घेतले, तेव्हा गावात फोन एक, तोही निम्मा वेळ मुका. इंदापूरकडच्या गटाचा आवाज कारखान्यापर्यंत पोचायचा नाही. म्हणून मधे लासुर्ण्याला एक सेट, आणि त्याच्यापुढं मी. इकडचं ऐकायचं, तिकडं सांगायचं. शेतकी अधिकाऱ्यांनी दिनकरला हुकूम केला, कुठल्या प्रसंगाला कुणी कुणाशी काय बोलायचं ते सगळं आधी लिहून काढा. ऑफिसात बसून त्याला काय सुचणार? आला सायकल हाणत माझ्याकडं. पायरीवर बसला, वही मांडीवर घेतली.

"तात्या, हंगामात काय काय व्हतं, सांग."

"काय व्हत न्हाय ते इचार! ट्रॉली कलंडती, फड पेटतो, मुकादम टोळी टाकून पळतो, पाऊस आला की गाड्या रुतत्यात."

"सावकाश. फड पेटला. पहिलं कोण बोलणार?"

"ज्याचा फड त्यो बोंबलणार."

"बोंबलू दे. पर सेटवर कोण?"

असे तीन दिवस. मी सांगायचं, त्यानं माझंच बोलणं मला परत ऐकवायचं, मी हो म्हणल्यावरच लिहायचं. प्रसंग माझे, अक्षर त्याचं. आणि वहीच्या पुठ्ठ्यावर नाव? तेही त्याचंच.

आता जे कधी बोललो नाही ते सांगतो. पहिल्याच हंगामात एका दुपारी इंदापूरकडच्या गटावरनं आवाज आला, "टोळीतली बाई अडलीय. कारखान्याला सांगा, जीप पाठवा." जीप पुण्याला गेल्याचं मी सकाळीच सेटवर ऐकलं होतं. मग पुढं कशाला विचारायचं? ऐटीत सांगून टाकलं, "जीप न्हाय. दुसरी सोय बघा." पण जीप अर्ध्या वाटेतनं माघारी येऊन कारखान्याच्या दारात उभी होती. बाईला बैलगाडीत घालून न्यावं लागलं. ती वाटेतच बाळंत झाली. दोन्ही जीव वाचले, ते त्यांच्या नशिबानं. माझ्यामुळं नाही.

दुसऱ्या दिवशी दिनकर आला. मी आधीच ताठलो, "मला जे ठाऊक व्हतं ते सांगितलं. काय चुकलं?"

"तुला सकाळचं ठाऊक व्हतं, तात्या. बाई दुपारी अडली."

एवढंच बोलला. वर तक्रार केली नाही. वही काढली आणि शेवटच्या पानावर एक नवा प्रसंग लिहिला. मधल्याला उत्तर माहीत असलं तरी निरोप पुढं द्यायचा. जसा ऐकला तसा. पदरचं काही घालायचं नाही.

हंगाम सरल्यावर सभेत त्याचा सत्कार झाला. अधिकाऱ्यांनी वहीतला नेमका तोच प्रसंग वाचला. "बघा, कसा पुढचा विचार केलाय!" म्हणाले. टाळ्या पडल्या. दिनकरनं मान खाली घालून नारळ घेतला आणि मी शेवटच्या रांगेत जळत राहिलो. चूक माझी, टाळ्या त्याला! उठून म्हणावं, तो प्रसंग माझा हाय... पण कुठल्या तोंडानं? त्यानं माझी नोकरी राखली, आणि त्याबद्दल मी त्याला कधी माफ केलं नाही. बाहेर आल्यावर म्हणतो कसा, "तात्या, निम्मा नारळ घे." मी म्हणालो, "तुझा तूच खा."

पुढं चौकाचौकात एसटीडीचे पिवळे डबे आले, गटागटावर फोन आले, सेट गोदामात गेले. माझं जळणं काही गेलं नाही. परवा त्याच्या पुण्यानुमोदनाला गेलो, तर त्याची बायको शांताबाई आतून तीच वही घेऊन आली.

"तात्या, ही तुमाला द्यायची व्हती."

"माझं नाव घेतलं त्यानं?"

"न्हाय."

"मग काय म्हणला? शब्दाला शब्द सांगा."

"'वही मधल्याला दे.' एवढंच म्हणले."

मेला, तरी नाव घेतलं नाही पठ्ठ्यानं! वही आता माझ्या घरात खुंटीवरच्या पिशवीत आहे. रोज काढतो, बोट ठेवून ठेवून शेवटचं पान वाचतो, परत ठेवतो. पोट अजून दुखतंय. पण शोकसभेत बोलले त्या चौघांना एक निरोप द्यायचा राहिलाय, तो देतो. जीप दारात उभी होती. बाई दुपारी अडली. मधे मी होतो... निरोपाला उशीर झालाय, पदरचं काही घातलेलं नाही.