कातरभाऊ आणि जेटचं झाकण

दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचून झाला की कातरभाऊ उठून साबणाने हात धुवायचे. नाटक नव्हतं ते. त्यांना खरोखरच किळस यायची. माझा पहिला कोड वाचून ते दोनदा धुऊन आले.

कतारगामच्या आमच्या ऑफिसात कापड रंगवणाऱ्या मशीनसाठी सॉफ्टवेअर बनायचं. कातरभाऊ अमळनेरकडचे, आमच्यात सर्वांत जुने. गुंतलेला कोड दिसला की कापून सुटा करायचे, म्हणून हे नाव. "तापमान वाचणारा, निर्णय घेणारा आणि अहवाल छापणारा एकाच गाठोड्यात का बांधलेत? एकाला हलवलं की तिघं पडतात. हाई काय शे, भो?" मी हसायचो. चळवळीची पत्रकं वाचत वाढलेल्या मला अन्याय कारखान्याच्या फाटकाशी दिसायचा, स्वतःच्या स्क्रीनवर नाही.

आमचं ते गाठोडं खरं मशीन जोडल्याशिवाय चालतच नसे. मग चाचणी कशी करायची? पलसाण्याच्या मिलमध्ये मशीनवर उभ्या असलेल्या कामगाराला फोन लावून. जेट मशीनमध्ये कापड एकशे तीस अंशांवर, दाबाखाली शिजतं. ते निवेपर्यंत झाकण कुलूपबंद ठेवणं हे आमच्या कोडचं काम. आणि आम्ही एसीत बसून त्या माणसाला सांगायचो, "काका, जरा झाकण उघडतं का बघा ना."

एकदा मी असाच बोलत असताना कातरभाऊंनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. "काका, झाकणाला हात लावू नका," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आत किती तापमान आहे?"

"निवलं असणार."

"असणार?"

दोन दिवसांत त्यांनी कुलपाचा निर्णय कापून वेगळा काढला. त्याला आता बाहेरून फक्त तापमानाचा आकडा मिळायचा. तो सेन्सरने पाठवला की मी टाइप केला, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. "आता याला हवं तेवढं खोटं सांग," ते म्हणाले.

मी सेन्सरची तार तुटल्याचं सोंग केलं. तार तुटली की आकडा येत नाही, आणि न आलेला आकडा आमचा कोड शून्य धरत होता. शून्य म्हणजे थंड. थंड म्हणजे झाकण उघडा. ती ओळ मीच लिहिली होती. मला माझीच शिसारी आली.

कातरभाऊंनी ती दुरुस्त केली: आकडा नाही, तर कुलूप बंदच. आमच्या गुजराती मालकाला, शेठला, दाखवलं. "आज लगी चाल्युं छे ने?" तो म्हणाला. आजवर चाललं, तेव्हा नव्या मिलमध्येही जुनंच बसवायचं. 'तपासले' या रकान्यात सही तेवढी करा.

"ज्याची परीक्षा टेबलावर होत नाही, त्याची कामगाराच्या तोंडावर होते," कातरभाऊ म्हणाले. "मी सही करणार नाही."

"तो घेर जाओ."

ते नोकरी सोडून घरी गेले. खुर्च्यांवरून एकही माणूस उठला नाही. मीही नाही. त्या शांततेची घाण अजून नाकात आहे.

नव्या मिलमध्ये जुनं बसवायला शेठने मलाच पाठवलं. कातरभाऊंचा तुकडा सुटा होता, म्हणून तो त्या जुन्यात बसवायला मला पाच मिनिटं पुरली. बाकी कशालाच धक्का लागला नाही. शेठला मी सांगितलं नाही.

आठवड्याभराने त्या मिलमधून फोन आला. "काय भो, झाकण उघडेना. कापड आत अडकलंय. कुठून शिकून येता तुम्ही लोकं?"

"मीटरवर काय दिसतंय?"

"काहीच नाही. कोरं."

"काका, लांब व्हा. तार बघायला माणूस पाठवतो."

त्याने मला सणसणीत शिवी हासडली, मग माझ्या शिक्षणाला, मग ऑफिसला. धडधाकट तोंडातून येणाऱ्या त्या शिव्या मी शेवटपर्यंत ऐकून घेतल्या.